कुडल : भीमा-सीनेच्या बेचक्यातलं गाव

पंढरपुरात चंद्रभागा म्हणून जिच्या वाळवंटात वारकरी उतरतात, ती भीमा तिथून खाली आली की सोलापूर जिल्ह्याची दक्षिण कड धरून वाहू लागते. पुढे बरंच अंतर तिचा एक काठ महाराष्ट्रात आणि दुसरा कर्नाटकात. अहिल्यानगरकडून निघालेली सीना करमाळा, माढा, मोहोळ असे तालुके पार करत याच टप्प्यात तिला येऊन मिळते. या संगमावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, हत्तरसंग-कुडल आहे. सोलापूर शहरापासून अंतर साधारण चाळीस किलोमीटर. विजापूर रस्त्याने निघालं की वडकबाळच्या पुलावर सीना ओलांडायची आणि पुढे हमरस्ता सोडून डावीकडे आत वळायचं. तिथून आपण दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर असतो. जसजसं आत जावं तसतशी ही जमीन अरुंद होत जाते, आणि तिच्या टोकाला देवळं उभी आहेत.

कुडल नावाची आणखी दोन ठिकाणं लोकांच्या तोंडी असतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. सिंधुदुर्गातलं कुडाळ वेगळं. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात कृष्णा आणि मलप्रभेच्या संगमावर असलेलं, महात्मा बसवेश्वरांच्या वचनांत जिथल्या देवाचं नाव पुन्हा पुन्हा येतं ते कूडलसंगमही वेगळं. आपलं कुडल भीमेचं. नकाशात शोधताना ‘हत्तरसंग’ हे जोडनाव टाकलं की घोटाळा होत नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन. नदीजवळ ऊस, नदीपासून लांब ज्वारी आणि तूर. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, या पट्ट्यातली घरंच्या घरं शेतात जेवायला जातात; कडक भाकरी, भज्जी, आंबील, शेंगापोळी. या भागात मराठी आणि कन्नड एकाच घरात नांदतात. बाजारात भाव मराठीत ठरतो आणि शेजारच्या अक्काशी गप्पा कन्नडमध्ये रंगतात, यात कुणालाच काही वेगळं वाटत नाही. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत आणि त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला लोटणारी गर्दी मराठी, कन्नड, तेलुगू अशी सगळी आहे. कुडलच्या दगडावर काय लिहिलंय ते समजून घेताना ही पार्श्वभूमी मनात असू द्यावी.

इथे दोन देवळं पाहायची. एक संगमेश्वराचं, दुसरं हरिहरेश्वराचं. दोन्ही काळ्या पाषाणातली, कल्याणी चालुक्यांच्या काळातल्या घडणीची. संगमेश्वराचं देऊळ आजही पूजेतलं आहे, श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला तिथे दर्शनाला रांग लागते. दिसायला ते भव्य नाही. खिद्रापूरचं कोपेश्वर किंवा अंबरनाथचं शिवालय पाहून आलेल्या माणसाला ते साधंच वाटेल. पण मंडपात उभं राहून मान वर केली की एका तुळईवर कोरलेली अक्षरं दिसतात, आणि मराठी भाषेच्या इतिहासात या तुळईची बरोबरी करणाऱ्या वस्तू फार थोड्या आहेत.

लेख लहान आहे, नागरी अक्षरांत आहे. सुरुवातीला शकाचा उल्लेख : शक ९४०, कालयुक्त संवत्सर, महिना माघ. मधला मजकूर अवघड आहे, तो लावण्यात अभ्यासकांनी बरीच मेहनत घेतली. आणि शेवटी एक छोटं वाक्य येतं : ‘वाछि तो विजेया होईवा’. जो वाचील तो विजयी होईल. हे वाक्य मराठी आहे, शाळेतल्या मुलालाही एकदा सांगितलं की पुन्हा विसरणार नाही इतकं मराठी.

शक ९४० म्हणजे किती जुनं? शकात ७८ मिळवले की १०१८ येतात आणि बहुतेक ठिकाणी या लेखाचं साल तेच छापलं जातं. पण लेखात महिना माघ आहे. चैत्रात सुरू झालेल्या शकवर्षाचा माघ पुढच्या इसवी सनाच्या जानेवारी-फेब्रुवारीत पडतो. म्हणजे नेमकं बोलायचं तर ही अक्षरं १०१९ च्या आरंभीची. फरक थोड्याच महिन्यांचा असला तरी हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने महिना कोरून ठेवलाय, तर तो आपण मोजायला हवा.

या तारखेची पडताळणी घरबसल्या करता येते. आपल्याकडच्या साठ संवत्सरांच्या चक्रात शकाच्या आकड्यात १२ मिळवायचे आणि ६० ने भागायचं. बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. ९४० अधिक १२ म्हणजे ९५२. त्याला साठाने भागलं की बाकी ५२. आता पंचांगातली संवत्सरांची यादी काढा. प्रभव, विभव, शुक्ल असं मोजत बावन्नाव्या नावावर या. तिथे कालयुक्त आहे. शक आणि संवत्सर एकमेकांची साक्ष देतात, त्यामुळे या लेखाची तारीख भक्कम आहे.

ती भक्कम असणं महत्त्वाचं का, तर ‘मराठीतला पहिला शिलालेख कोणता’ हा वाद जुना आहे. आपल्या पिढीने शाळेत श्रवणबेळगोळचं नाव पाठ केलं. गोमटेश्वराच्या पायाशी चावुंडराजाने मूर्ती करवल्याचं सांगणारी जी मराठी ओळ आहे, ती ९८३ ची, असं आम्हाला शिकवलं गेलं. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं की ती ओळ नंतर, बाराव्या शतकात कोरलेली आहे. अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाला शं. गो. तुळपुळे यांनी अग्रस्थान दिलं. त्यांनी त्याचा शक ९३४, म्हणजे १०१२, असा वाचला. ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा त्यांचा १९६३ चा ग्रंथ या विषयातला पायाभूत. पण अक्षीच्या शकाच्या आकड्यांवर मतभेद आहेत आणि ते मिटलेले नाहीत. या सगळ्यात कुडलचा लेख नुसता जुना म्हणून नव्हे, तर शंकेला जागा न ठेवणाऱ्या तारखेमुळे उठून दिसतो. पहिला कोण, ही शर्यत मला स्वतःला फारशी मोलाची वाटत नाही. अक्षी समुद्राकाठी, कुडल कन्नड मुलखाच्या उंबऱ्यावर, आणि दोन्हीकडे मराठी दगडावर चढते, ही गोष्ट मला जास्त मोठी वाटते. मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चा शक १११०, ज्ञानेश्वरीचा १२१२. कुडलची ओळ ज्ञानेश्वरीच्या आधी पावणेतीनशे वर्षांची.

त्या काळी राज्य होतं कल्याणी चालुक्यांचं. गादीवर जयसिंह दुसरा, जगदेकमल्ल हे त्याचं बिरुद. राजसत्तेची भाषा कन्नड आणि संस्कृत. या मुलखातले त्या काळचे दानलेख बहुतांशी कन्नडमध्ये आहेत. अशा ठिकाणी लेखाच्या शेवटी कुणाला तरी मराठीत चार शब्द कोरावेसे वाटले, याचा एकच अर्थ मला लागतो : ते वाचणारा, निदान वाचलेलं ऐकून समजणारा, मराठी बोलणारा माणूस या संगमावर येत होता. भाषेला राजाश्रय मिळायच्या आधी तिला माणसं मिळालेली असतात. यादवांच्या दरबारात मराठीला मान मिळाला तो पुढे.

आणखी एक. मध्ययुगीन महाराष्ट्रातल्या दानलेखांचा शेवट बहुधा धाकाने होतो. दिलेली जमीन जो हिरावून घेईल त्याला शाप, आणि तो शाप निरक्षरालाही कळावा म्हणून दगडावर गाढवाचं चित्र. गद्धेगळ म्हणतात ते हेच. गावोगाव वेशीवर, पारावर असे गद्धेगळ उभे आहेत. कुडलच्या लेखात धमकी नाही. इथे लिहिणारा वाचणाऱ्याचं भलं चिंततो. मराठीतल्या सर्वांत जुन्या वाक्यांपैकी एक वाक्य वाचणाऱ्याला उद्देशून आहे, याचा अभिमान वाटायला कुणाला संशोधक असावं लागत नाही.

हा लेख जगापुढे आला तो आनंद कुंभार यांच्यामुळे. कुंभार सोलापूरचे. विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते, वीज मंडळात नोकरीला होते. नोकरी सांभाळून त्यांनी सोलापूर जिल्ह्यातली गावं धुंडाळली, जुनी कन्नड लिपी वाचायला शिकले, आणि देवळांच्या तुळया, विहिरींच्या कडा, शेताच्या बांधावर पडलेल्या शिळा यांवरची अक्षरं गोळा केली. धारवाडचे पुराभिलेखतज्ज्ञ श्रीनिवास रित्ती यांच्यासोबत त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या शिलालेखांचा इंग्रजी संग्रह १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. ‘संशोधन तरंग’ हे त्यांचं मराठी पुस्तक. २०१९ मध्ये ते गेले. एक मराठी माणूस आणि एक कन्नड पंडित मिळून एका जिल्ह्याचे दगड वाचतात, हे सीमाप्रश्नाच्या दिवसांत वाढलेल्या माझ्यासारख्याला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

शिलालेखाचा ठसा घ्यायचं काम पाहिलेलं नसेल तर त्यातले कष्ट लक्षात येत नाहीत. आधी दगड धुवायचा. त्यावर वर्षानुवर्षांचं तेल, शेंदूर, चुना, हल्ली ऑइलपेंट. ते ब्रशने आणि पाण्याने हळूहळू उतरवायचं. लोखंडाचं अवजार लावलं की अक्षर गेलंच. मग ओला कागद दगडावर पसरायचा आणि दाट केसांच्या ब्रशने एकसारखं थोपटत राहायचं, म्हणजे कागद अक्षरांच्या खोलगटीत बसतो. मधे हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढी जागा वाया. कागद अर्धवट वाळला की कापडाच्या बोळ्याने शाई टिपायची, पुसायची नाही. सपाट भाग काळा होतो, कोरलेली अक्षरं पांढरी राहतात. वेळ चुकली, कागद फार ओला राहिला तर शाई फुटते. फार वाळला तर तो दगड सोडून देतो. जमिनीवरच्या शिळेवर हे जमतं. डोक्यावरच्या तुळईवर, हात वर करून, मान मोडून हे करायचं म्हणजे काय, याची कल्पना मंडपात दोन मिनिटं वर पाहत उभं राहिलं तरी येते.

नुसत्या डोळ्यांनी वाचायचं असेल तर एक युक्ती सांगतो. मोबाइलचा उजेड अक्षरांवर समोरून टाकू नका, सगळं सपाट दिसतं. उजेड बाजूने, तुळईला लागून आडवा टाका. प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी आपल्या सावलीसकट वर येते.

हरिहरेश्वराचं देऊळ जवळच आहे. ते बराच काळ माती-दगडांच्या ढिगाखाली होतं. विसाव्या शतकाच्या अखेरीला ते मोकळं करण्यात आलं तेव्हा त्याची खरी रचना कळली. शिव आणि विष्णू या दोघांचं हे देऊळ. पुढच्या बाजूला स्वर्गमंडप, म्हणजे मधोमध छत उघडं ठेवलेला मंडप. कोपेश्वराचा स्वर्गमंडप महाराष्ट्राला माहीत आहे, कुडलचा फारसा माहीत नाही. ढासळलेलं खूप आहे, त्यामुळे मूळचा डौल मनानेच उभा करावा लागतो.

या सफाईतच ते बहुमुखी शिवलिंग सापडलं, ज्यामुळे कुडलचं नाव लांबवर गेलं. एकाच अखंड पाषाणातलं, पुरुषभर उंचीचं, चांगलं कवेत न मावणारं लिंग. त्याच्या सगळ्या अंगावर ओळींनी मुखं कोरलेली. त्यांची संख्या ३५९ सांगतात आणि मूळ लिंग धरून ३६० पुरे होतात. एका नमस्कारात तीनशे साठ शिवांना नमस्कार पोहोचतो, अशी भाविकांची श्रद्धा. वर्षाच्या दिवसांशीही हा आकडा जोडला जातो. मला थांबवलं ते आकड्याने नाही, मुखांनी. लांबून पाहिलं तर अंगभर नक्षी वाटते. हातभर अंतरावर गेलं की नक्षीचे चेहरे होतात. जटा, कपाळ, मिटलेले डोळे, ओठ. तळहाताने झाकता येईल एवढ्याशा जागेत शिल्पकाराने माणूस पुरा केलाय, आणि काळा पाषाण हा काही चुनखडीसारखा मऊ दगड नव्हे. काही चेहरे झिजलेत, काहींची नाकं गेलीत. जे शाबूत आहेत त्यांच्याकडे पाहताना जाणवतं की तीनशेव्या चेहऱ्यापाशीही हाताने कंटाळा केलेला नाही. असं दुसरं लिंग मी कुठे पाहिलेलं नाही.

देवळामागे गेलं की संगम. उन्हाळ्यात उजनी धरणातून पाणी सुटेल तेव्हाच भीमा भरलेली दिसते. एरवी बंधाऱ्यांनी अडवलेलं संथ पाणी आणि काठावरच्या मोटारींचे पाइप. पावसाळ्यात मात्र नदीचा भरवसा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या महापुराने सोलापूर जिल्ह्यातली काठची गावं वेढली, उभी पिकं आणि जनावरं वाहून गेली, शेतातली माती खरवडून निघाली. त्या दिवसांत ज्यांचं घर पाण्यात होतं त्यांना शिलालेखाची काळजी करा, असं कुणी म्हणणार नाही. पण सरकारी यंत्रणेने ती करायला हवी. संगमावरचं देऊळ म्हणजे पुराच्या तोंडचं देऊळ. चुना न भरता एकावर एक रचलेल्या दगडांच्या पायाखालची माती पाण्याने ओढून नेली की वरची तुळई हलते, आणि ही तुळई हलली तर तिची भरपाई कुठल्याही पंचनाम्यात बसणारी नाही.

भीमा ही अक्षरांची नदी आहे, हे तिच्या काठाने फिरताना लक्षात येतं. वर पंढरपुरात विठ्ठल मंदिरातला तेराव्या शतकातला चौऱ्यांशीचा लेख. मग कुडल. खाली कलबुर्गी जिल्ह्यात भीमा-अमरजेच्या संगमावर दत्ताचं गाणगापूर, जिथे मराठी माणूस वर्षाचे बारा महिने जातो. आणखी खाली सन्नती, जिथे एका देवळात सम्राट अशोकाची आज्ञा कोरलेली शिळा १९८६ मध्ये उजेडात आली. एका नदीवर पावणेतेरा शतकांच्या अंतराने अशोकाची प्राकृत आणि कुडलची मराठी. गाणगापूरला जाणाऱ्या आपल्या गाड्यांपैकी थोड्या जरी वाटेत कुडलला वळल्या तरी पुष्कळ होईल.

कुडलचा लेख कोरला गेला तेव्हा इंग्लंडच्या गादीवर डेन्मार्कचा कनूट होता. इंग्लंडमधली खेडी आपलं वय सांगताना ज्या डूम्सडे बुकाचा दाखला देतात, ती जमीनमोजणी १०८६ ची, म्हणजे कुडलनंतर सदुसष्ट वर्षांची. तरी तिथल्या पन्नास उंबऱ्यांच्या खेड्याचाही छापील इतिहास मिळतो : चर्च कुणी बांधलं, गिरणी कधी बंद पडली, पूल कधी झाला. त्यांनी १८९९ मध्ये परगण्यागणिक गावांचे इतिहास लिहिण्याचा प्रकल्प हाती घेतला आणि तो आजही चालू आहे. आपल्याकडे सोलापूरचं पहिलं गॅझेटियर १८८४ चं, तेही इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून घेतलेलं. त्यांच्या राज्याच्या सोयीसाठी त्यांनी ते केलं, हे खरं. पण आपल्या सोयीसाठी, आपल्या गावांचं, आपण काय केलं? आनंद कुंभारांसारखी माणसं स्वतःच्या पगारातून आणि सुट्ट्यांतून हे काम करत राहिली. त्यांच्यामागे संस्था उभी राहायला हवी होती.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, ते वाटायलाच हवे होते. आता त्या दर्जाचं काम कुडलपासून सुरू व्हावं, असं मला वाटतं आणि मागणं फार मोठं नाही. तुळईखाली लेखाचा स्वच्छ ठसा, त्याचं वाचन आणि अर्थ सांगणारा फलक असावा, मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण हा दगड दोघांचा आहे. पुराच्या वेळी देवळाचं काय करायचं, याची जबाबदारी नाव घेऊन कुणावर तरी असावी. दक्षिण सोलापूरच्या प्रत्येक शाळेची एक सहल संगमावर यावी, आणि पोरांनी ते चार शब्द स्वतः, बोट धरून, वाचावेत.

वाचकांनाही एक सांगणं आहे. जायचं तर हिवाळ्यात जा. रस्ता सुखाचा, नदी शांत. सोबत पाणी न्या, आणि दिवस हातात ठेवून जा. तुळईला, लिंगाला हात लावू नका, त्यावर पाणी-दूध ओतायचा आग्रह धरू नका. आणि परत गेल्यावर आपल्या गावच्या वेशीवर, मारुतीच्या पारामागे, जुन्या विहिरीच्या पायऱ्यांत एखादा अक्षरांचा दगड आहे का, ते पाहा. असला तर त्याला रंग लावू देऊ नका. आडव्या उजेडात त्याचे फोटो काढा आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात पुरातत्त्वाचा विभाग आहे, तिथे किंवा तुमच्या जिल्ह्यातल्या इतिहास संशोधकाकडे पाठवा. दगड कुठे आहे, कुणाच्या शेतात आहे, तेही लिहा. ही यादी आपणच करायची आहे.